विचारली एक, वाचली दुसरी

दुकानाच्या मधोमध खवले मांजर उभं होतं आणि त्याला अजून कातडी चढलेली नव्हती. नुसता बांबूचा सांगाडा. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत कांबी इतक्या पातळ तासलेल्या की समुद्राकडून वारा आला की सगळा सांगाडा झोपेत श्वास घेतल्यासारखा हलायचा. एकेक सांधा कागदाच्या पिळाने बांधलेला. तार नाही, खिळा नाही. तार बांबूला कापते, कागद त्याला धरून ठेवतो, असं पेइचेनचे आकोंग सांगत.

आकोंग म्हणजे तिचे आजोबा. लुकांग गावातल्या त्या गल्लीत शी घराण्याचं कंदिलांचं दुकान चार पिढ्यांचं. पेइचेन ही पाचवी पिढी, पण तिच्या हातात कांब दिली की ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी व्हायची. आकोंग काही बोलायचे नाहीत. ती कांब चुपचाप चुलीजवळच्या टोपलीत टाकायचे, आणि हे न बोलणंच तिला जास्त लागायचं. चुलतभावांना निदान शिव्या तरी मिळत.

म्हणून या वर्षी जेव्हा तिच्या तंत्रशाळेने दिव्यांच्या सणातल्या स्पर्धेसाठी हलणारा कंदील करायचं ठरवलं, तेव्हा पेइचेनने हात वर केला. सांगाडा आकोंगांचा, चलनवलन तिचं. माणूस जवळ आला की खवले मांजर हळूहळू अंगाची गुंडाळी करणार, अगदी डोंगरातल्या खऱ्यासारखी. पोटात एक मोटार, कण्यातून गेलेली एक दोरी, आणि मोटारीला हुकूम देणारी तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक पाटी. त्या पाटीतला कोड पेइचेनने सी भाषेत लिहिला होता.

आकोंगांनी ऐकून घेतलं. मग अट घातली.

"आधी उघडा सांगाडा माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळून दाखव. नीट गुंडाळला तर मी कागद चढवतो. एक कांब जरी उडाली तर तुझी मोटार बाहेर. मांजर उभंच राहील."

"उभं राहिलं तर ते स्पर्धेत बसत नाही, आकोंग. हलायलाच हवं."

"मग ते देवळापुढे उभं राहील. आपले कंदील आजवर उभेच राहिलेत, कोणी हसलं नाही."

पेइचेन हसली, पण वरवर. कांबी तासता येत नाहीत ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मोटारही बाहेर निघाली, तर या दुकानात तिचं म्हणून काय उरणार होतं?

तरी तिला स्वतःवर भरवसा होता, आणि तो काही पोकळ नव्हता. वर्गात तिच्या मॅक्रोंची एक फाइल प्रसिद्ध होती. मॅक्रो म्हणजे काय, हे श्याओ लाओशींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. श्याओ बाई त्या शाळेत इतकी वर्षं शिकवत होत्या की काही मुलांच्या आयाही त्यांना लाओशी, म्हणजे मास्तरीणबाई, असंच म्हणत. त्यांनी फळ्यावर एका बाजूला छोटं नाव लिहिलं, दुसऱ्या बाजूला लांबलचक मजकूर, आणि म्हणाल्या, "तुमचा कोड कंपायलरच्या, म्हणजे त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्याच्या, हाती पडण्याआधी एक कारकून तो चाळतो. त्याचं नाव प्रीप्रोसेसर. जिथे हे छोटं नाव दिसेल तिथे हा लांब मजकूर चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. बेरीज तो करत नाही. अर्थ त्याला कळत नाही. मूळ कागदावर माशी चिकटलेली असली, तर नकलेतही तो माशी चिकटवेल. आम्ही याला माशीला माशी म्हणतो. तेव्हा माशी बसणार नाही याची काळजी तुम्ही घ्यायची."

मग त्यांनी दाखवलं की 'अर्धा कर' असा मॅक्रो लिहून त्याला 'सहा अधिक चार' दिले, तर कारकून ते जसंच्या तसं चिकटवतो, भागाकार फक्त चारचा होतो आणि पाचाऐवजी उत्तर आठ येतं. उपाय सोपा: आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कंस, आणि सगळ्या मॅक्रोला बाहेरून आणखी एक कंस.

पेइचेनने तो उपाय असा गिरवला की तिच्या फाइलीत कंसांची रांगच लागली. दोनांतला मोठा आकडा देणारा, लहान देणारा, अर्धा करणारा, मर्यादेत ठेवणारा, सगळे मॅक्रो तिने लिहिले आणि अख्ख्या वर्गाने उचलले. होंगरुई नावाचा मुलगा, जो या कंदिलाची वायरिंग करत होता, तिला मॅक्रोमहाराणी म्हणायचा. चिडवायलाच म्हणायचा, पण फाइल त्यानेही घेतली होती.

नववर्षाच्या सुट्टीत एका दुपारी चाचणी ठरली. आधी पडद्यावर. कोडच्या माथ्यावर पेइचेनने 'चाचणी' असं एक नाव लिहून ठेवलं होतं. ते नाव असलं की कारकून कोडमधला एक उतारा ठेवतो आणि दुसरा सरळ फाडून टाकतो. ठेवलेला उतारा मोटार फिरवत नव्हता, नुसते आकडे पडद्यावर दाखवत होता: दोरी किती ताणायची, मग किती, मग किती. आकडे एकामागून एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेले. एकही चुकला नाही.

"बघ," पेइचेन म्हणाली.

"बघितलं, महाराणी. आता खरं कर," होंगरुई म्हणाला.

तिने 'चाचणी'ची ओळ खोडली, कोड पाटीत भरला आणि आकोंगांना हाक मारली. ते हात पुसत आले आणि स्टूल ओढून बसले. होंगरुईने मांजरासमोर हात धरला.

मांजराने मान खाली घातली. पण ती हळू नाही. हिसका, मग हिसका, मग आणखी मोठा हिसका. पाठ अर्ध्याच वेळात वाकून गोल झाली, कांबी करकरल्या, आणि मांजर गोळा होऊन थांबेल असं वाटतंय तोच दोरी एकदम सैल सुटली. सगळा कणा धनुष्यासारखा उलटा उसळला. मानेजवळचा कागदी पीळ तुटला, एक कांब उडून कागद चिकटवायच्या पेस्टच्या भांड्यात पडली, आणि मांजर पुन्हा पहिल्यापासून मान खाली घालू लागलं. होंगरुईने झडप घालून वीज तोडली.

पेइचेन मांजरासमोर खाली बसली.

"पडद्यावर बरोबर होतं," पेइचेन म्हणाली. "आकोंग, खरंच बरोबर होतं."

आकोंगांनी भांड्यातली कांब काढली, धुतली, फडक्याने पुसली. पेइचेन पटकन उठली आणि कागदाचा पीळ घेऊन मानेकडे गेली. "मी बांधते. कोडमध्ये काहीतरी बारीक असेल. लगेच नीट करते."

"हात लावू नकोस."

ते ओरडले नव्हते. पण ती जागच्या जागी थांबली.

"माझ्या बापाने मला जे सांगितलं तेच तुला सांगतो. का मोडलं ते सांगता आल्याशिवाय मोडलेल्या कंदिलाला हात लावायचा नाही. घाईने गाठ मारशील, वर कागद चढेल, आणि चूक आतच राहील. कांब उडाली, तरी एक संधी देतो: मला समजेल असं सांग, मग बांध. नाही सांगता आलं, तर मोटार बाहेर."

ते आत निघून गेले. होंगरुईने खाकरून घसा साफ केला.

"तुझा मोठा आकडा देणारा मॅक्रो वापरलायस ना मोटारीच्या उताऱ्यात? मी वर्गात केलेल्या छोट्या गाडीत तोच आहे. झकास चालते."

"म्हणून तर तो चुकीचा नाही."

"मग मोटार चुकीची. किंवा मांजर. नाचता येईना..."

"तू गप बस!"

तिने आणखी कंस घातले. मग मोटार बदलली. मग होंगरुईची वायरिंग दोनदा तपासली, आणि त्यावरून त्या दोघांचं भांडण झालं. उघड्या टेबलावर, सांगाड्याशिवाय मोटार फिरवली, तरी तेच: हिसके, अर्ध्या वेळात शेवट आणि पुन्हा सुरुवात.

दुसऱ्या दिवशी श्याओ लाओशी नववर्षाच्या भेटीला आल्या, हातात डोळ्याच्या आकाराच्या मऊ मिठाईचा डबा. पेइचेनने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. सरळ कोड पुढे केला. होंगरुईने जिभेने च्यक् केलं आणि चहा ठेवायला गेला.

लाओशींनी चष्मा लावून कोड वाचला. बराच वेळ वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हलकं हसू आलं, आणि ते पाहून पेइचेनला कळलं की बाईंना चूक सापडली आणि बाई ती सांगणार नाहीत.

"हे कंस का घातलेस?" लाओशींनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"हं. म्हणजे माशीला माशी तूही केलीस."

पेइचेनचे कान तापले.

"अगं, रागावू नकोस. कंस उत्तम आहेत. इतके नेटके कंस मी पुऱ्या शाळेत पाहिले नाहीत. पण कंस एका आजाराचं औषध आहे. तुझ्या मांजराला तोच आजार आहे का, ते कुठे पाहिलंस?" त्यांनी कंदिलाच्या कागदाचा एक वाया गेलेला तुकडा ओढला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "आज तू कारकून हो. डोकं चालवायचं नाही. मॅक्रोचं नाव दिसलं की मजकूर चिकटव, बस. तुझ्या त्याच ओळीला."

ओळ साधी होती. दोरी फार सैल झाली तर ती चाकावरून उतरते, म्हणून पेइचेनने एक कमीत कमी ताण ठरवला होता. आणि 'पुढचा आकडा' नावाचं एक काम लिहिलं होतं. त्याला बोलावलं की ते यादीतला पुढचा ताण काढून देई आणि आपण एक घर पुढे सरके. गुंडाळीसाठी यादीत आकडे तितकीच बोलावणी ठरलेली होती; त्याहून जास्त झाली, तर परत सुरुवातीला. ओळ म्हणत होती: कमीत कमी ताण आणि पुढचा आकडा, यांतला मोठा घे.

पेइचेन लिहू लागली. मॅक्रोचा मजकूर होता: हा त्याच्याहून मोठा असेल तर हा, नाहीतर तो. तिने 'हा'च्या जागी कमीत कमी ताण लिहिला. 'तो'च्या जागी पुढचा आकडा. मग पुन्हा 'हा'. मग पुन्हा...

पेन्सिल थांबली.

"पुढचा आकडा दोनदा आला," ती म्हणाली.

"आला ना? आता कारकून घरी गेला. आता तू कंपायलर आणि मोटार दोन्ही हो. डोकं चालव."

"तुलनेसाठी बोलावलं. आकडा आला, कमीत कमीपेक्षा मोठा निघाला. म्हणून तो घ्यायचा..." ती हळूहळू बोलू लागली. "पण 'तो' म्हणजे आता परत बोलावणं. आणि परत बोलावलं की त्याच्या पुढचा येतो. तपासलेला वायाच गेला. लाओशी, मोटारीला एकाआड एक आकडे मिळत होते! म्हणून हिसके. म्हणून यादी अर्ध्यातच संपली आणि घट्ट ताणलेल्या दोरीला एकदम सुरुवातीचा, सैल आकडा गेला."

"माझ्या गाडीत का नाही होत मग?" होंगरुई चहाचे पेले घेऊन दारात उभा होता.

"तू नुसते ठरलेले आकडे देतोस. पाच दोनदा लिहिले तरी पाचच राहतात. मी आकडा दिलाच नव्हता, आकडा काढून आणायचा हुकूम दिला होता. तो दोनदा चिकटला."

"आणि पडद्यावर?"

"चाचणीच्या उताऱ्यात मी मॅक्रो वापरलाच नव्हता. सरळ आकडे छापले होते. जो उतारा मी तपासत होते तो चालणारच नव्हता, आणि चालणारा तपासलाच नव्हता." तिने कपाळावर हात मारून घेतला, पण ती हसत होती. कालपासून पहिल्यांदाच.

मिठाईचा एक तुकडा तोडून लाओशींनी तिच्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे असे चमकत होते, की होंगरुईला उगाचच वाटलं, हे आपण शोधून काढायला हवं होतं.

दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली. पण खरं काम पुढेच होतं. आकोंग आतून येऊन स्टुलावर बसले. "बोल," म्हणाले.

पेइचेनने सुरुवात केली. प्रीप्रोसेसर, मॅक्रो, चिकटवणं, कंस. तिसऱ्या वाक्याला आकोंगांनी हात वर केला.

"मला घरातलं बोल, बाळ. माझ्या डोक्यात बांबू आहे."

"कारकुनाचं सांग की," होंगरुई पुटपुटला. लाओशींनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि स्वतः पेल्यातल्या चहाकडे पाहत बसल्या. मदत त्या करणार नव्हत्या. हा कंदील मुलीचा होता.

पेइचेन इकडेतिकडे पाहू लागली. भिंतीवर माझू देवीच्या देवळातून आणलेला या वर्षीचा कौल चिकटवलेला होता, लाल कागदावर छापलेला श्लोक. दरवर्षी आकोंग कुठला कंदील करायचा ते देवीला विचारून ठरवत.

"आकोंग," ती म्हणाली, "यंदा कौल कसा काढलात?"

"कसा म्हणजे? सगळे काढतात तसा. काठ्यांच्या भांड्यातून एक काठी काढली. मग कौलाचे लाकडी तुकडे टाकून देवीला विचारलं, हीच का माझी काठी? एक उलटा, एक सुलटा पडला. देवी हो म्हणाली. मग त्या काठीवरच्या खुणेचा श्लोक घेतला."

"आणि समजा, देवी हो म्हणाली, आणि तुम्ही ती काठी भांड्यात परत टाकली. दुसरीच काढली, आणि श्लोक त्या दुसऱ्या काठीचा वाचला. तर?"

आकोंगांच्या भुवया वर गेल्या. "असं कोण करतं? नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा असं करत नाही! विचारली एक आणि वाचली दुसरी, मग विचारलं तरी कशाला?"

"माझ्या कोडने तेच केलं. प्रत्येक वेळी."

आकोंग स्टुलावर पुढे सरकले.

"मी त्याला सांगत होते, एक ताण काढ, तो फार सैल नाही ना ते विचार, आणि ठीक असेल तर दोरीला दे. पण मी लिहिलेल्या मजकुरात 'काठी काढ' हे दोनदा येत होतं. एकदा विचारण्यासाठी, एकदा देण्यासाठी. म्हणून विचारलेला ताण वेगळा आणि दिलेला वेगळा. दिलेल्या ताणाला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी हातात पूर्ण सैल काठी आली, तीही गेली. कणा उसळला."

"देवीची चूक नाही."

"नाही."

"काठीची नाही. माझ्या गाठीची?"

"गाठीची मुळीच नाही, आकोंग. सांगणाऱ्याची. माझी."

"आणि आता?"

"आता काठी एकदाच काढायची. हातात घट्ट धरायची. कौल तिचाच लावायचा आणि वाचायचीही तीच."

आकोंगांनी गुडघ्यावर हात आपटला. कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले. "अहो श्याओ लाओशी, हे तुम्ही शिकवलंत का हिला?"

"छे हो," लाओशी म्हणाल्या. "मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून मुलांना दमवते. काठ्यांचं भांडं मला सुचलं नाही. आता सत्र सुरू झालं की पहिल्या तासाला वर्गात एक भांडं नेणार, आणि हे कुणाचं आहे तेही सांगणार."

पेइचेनला कुठे पाहावं कळेना. ती मांजराच्या मोडक्या मानेकडे पाहत राहिली.

आकोंग उठले. मागच्या फळीवरून त्यांनी कागदाचे पीळ काढले, त्यातला एक निवडला, बोटांवर ओढून पाहिला आणि तिच्यापुढे धरला.

"बांध."

"मी? ते तुम्हीच... माझी गाठ जाड होते."

"का मोडलं ते सांगितलंस ना? मग बांध. नियम म्हणजे नियम."

तिने नवी कांब मानेत बसवली आणि पीळ गुंडाळला. एकदा, दोनदा, टोक आत खुपसून ओढलं. गाठ जाडच झाली, आणि जराशी तिरकी. आकोंग वाकून गाठीकडे बघत राहिले. टोपलीकडे त्यांचा हात गेला नाही. त्यांनी अंगठ्याने गाठ दाबून पाहिली आणि होंगरुईला मान हलवून खूण केली.

होंगरुईने मांजरासमोर हात धरला.

मांजराने मान खाली घातली, इतक्या सावकाश की हलतंय हे डोळ्यांना उशिरा कळलं. मग खांदे. मग पाठ, एकामागून एक कांब पुढच्या कांबीवर टेकत गेली, आणि शेवटी शेपटी वळून नाकापाशी आली आणि तिथेच थांबली. कुठेही करकर नाही. थोडा वेळ ते गोळा होऊन पडलं, मग तितक्याच सावकाश उलगडलं.

"पुन्हा," आकोंग म्हणाले.

पुन्हा झालं. आणि पुन्हा. चौथ्यांदा विचारायच्या आधीच ते पेस्टचं भांडं ढवळायला लागले होते.

त्या संध्याकाळी पेइचेनने वर्गाला निरोप पाठवला: माझ्या फाइलीतला मोठा-लहानवाला मॅक्रो काढून टाका. त्याच्या जागी मी नेहमीचं फंक्शन लिहिलंय. त्याला काही दिलं की ते आधी एकदाच हातात घेतं, मग तुलना करतं. चूक माझी होती, कारण खाली लिहिलंय. कारणात तिने काठ्यांचं भांडं काढलं होतं. होंगरुईने उत्तर पाठवलं: महाराणींचा विजय असो. मग थोड्या वेळाने आणखी एक: माझी वायरिंग बरोबर होती हेही लिही.

तिने तेही लिहिलं.

दिव्यांच्या सणाला नदीकाठच्या मैदानावर शाळांचे कंदील मांडले होते. खवल्या मांजराला आता कातडी होती. आकोंगांनी एकेक खवला वेगळ्या कागदाचा कापून चिकटवला होता, आणि आतल्या दिव्याने तो मधासारखा दिसत होता. मुलं जवळ यायची, मांजर अंग आवळायचं, आणि दंगा करणारी ती मुलं एकदम कुजबुजू लागायची. झोपलं, झोपलं. परीक्षक दोनदा फेरी मारून गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्यातले एक गृहस्थ मागे रेंगाळले. शाळेला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला कुठल्याशा माशाला गेला, ज्याच्या तोंडातून फुगे येत होते. होंगरुईने तो फुग्यांचा अन्याय पुढे वर्षभर ऐकवला.

पण पेइचेनला त्या रात्रीची आठवण राहिली ती वेगळीच. ती तांदळाच्या गोड गोळ्यांची वाटी घेऊन परत आली, तर आकोंग गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला मांजराच्या मानेजवळ वाकवून काहीतरी दाखवत होते. तिथे तर नुसता कागद होता, आतलं काहीच दिसत नव्हतं. तरी आकोंगांचं बोट नेमकं एका जागी टेकलं होतं.

"ही गाठ," ते सांगत होते, "माझी नाही. ही आमच्या पेइचेनची."